भिंगरीचा गजर

“बाजारातलं तयार यंत्र? छे! एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, झालं! डिग्री काय भिंतीला टांगायला घेतलीय?” भिंगरीच्या आईनं नवऱ्याला सुनावलं आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली.

भिंगरी नुकती लोळायला लागली होती. परवाच पलंगावरून पडली आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. तेव्हापासून आईची अंघोळ म्हणजे अंगावर पाणी घेतलं न घेतलं तोच धूम!

योजना बिनतोड होती. भिंगरीखाली दाबपट्टी. आत ‘हो’ आलं की सर्किटनं बाहेर ‘नाही’ म्हणायचं. पट्टीवर पोर आहे? मग गजर नाही. पोर नाही? मग बोंब!

“आणि उलटं झालं तर?” नवऱ्यानं विचारलं.

“तपासतेय ना!”

तपासलंही, पण गजर वाजवणाऱ्या बझरऐवजी इवलासा दिवा लावून. झोपलेल्या पोरीजवळ बझर वाजवतंय कोण? पट्टी दाबली, दिवा विझला. सोडली, पेटला. वा! मग दिवा काढला. दिव्यापुरत्या एवढ्याशा विजेनं बझरला जोर येणार नाही, म्हणून वरचा रेझिस्टर उपटून त्या जागी बझर बसवला. तिथं तो ट्रान्झिस्टरबरोबरच चालू होणार, म्हणजे पोर पट्टीवर असतानाच, हे कॉलेजात तिनं घोकलं होतं. ऐन वेळी मात्र डोकं कोरं!

भिंगरीला पलंगावरच्या पट्टीवर निजवून ती न्हाणीघराशी आली आणि तिथं बसवलेलं गजर चालू करायचं बटण दाबलं.

गजर असा किंचाळला, जणू घरच पेटलंय!

“पडली!” ती धावली. स्वयंपाकघरातून नवरा दुधाच्या भांड्यासकट धावला. अर्ध्या वाटेत गजर बंद.

“थांबा! बंद झाला. म्हणजे पट्टीवरच आहे,” भिंतीला टेकत ती म्हणाली. “सुटले बाई!”

धप्प!

पलंगाखाली भिंगरी उताणी पडलेली. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही.

“रडत का नाहीये ती? अहो, रडत का नाहीये!” आई ओरडली. नवऱ्यानं पोरीला उचललं. एक क्षण गेला. आणखी एक. मग भिंगरीनं असं भोकाड पसरलं, की आईनं तिथंच फतकल मारली आणि स्वतःही रडायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, दुसरं टेंगूळ चाचपलं. “घाबरण्यासारखं काही नाही. पण पडली कशी?”

आई पोरीचं झबलं सारखं करू लागली. उत्तर नवऱ्यानं दिलं.

“दचकून. पडल्याचा गजर वाजला ना!”