भोईरकाकांची पाठवणी

मंगळवारी सकाळी भोईरकाका गेले.

कात्रपला ते माझे शेजारी. अंबरनाथच्या कपबश्यांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांचं काम एकच. झिलई ओघळलेला कप दिसला की तो फोडायचा. निवृत्तीनंतरही ते कुणाकडे चहा आला की आधी कप उजेडात फिरवायचे. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा काका कप डोळ्यांशी धरून म्हणाले, "रिजेक्ट!" नवरा मुलगा उठूनच उभा राहिला.

एकदा माझ्याकडच्या पुस्तकात त्यांनी जुन्या चिनी थडग्यांतल्या मातीच्या मूर्ती पाहिल्या. मेलेल्याच्या सोबतीला पुरलेले घोडे, उंट, नोकरचाकर. अंगावर पिवळी, हिरवी, तपकिरी झिलई मुद्दाम ओघळू दिलेली.

काकांनी ते पान उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी फोडला तो माल यांनी राजाला दिला?"

दुसऱ्या दिवसापासून ते माती मळू लागले. मूर्ती भाजायला उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठच्या भट्टीवर न्यायचे. शेठ वैतागायचा. "अरे भोईर, गणपती बना, बिकेगा! ये घोडा कौन लेगा?"

"बेचने का नहीं है, शेठ. भेजने का है."

कुठे, ते मलाही कळेना. घोडा झाला, उंट झाला. मग एक बाई झाली, मांडी घालून बसलेली. मी विचारलं, "या काकी का?"

"छे वो मास्तर. ही आमच्या हिच्या शेजारी बसायला. हिला एकटीला जेवण जात नसे." काकी जाऊन तीन वर्षं झाली होती. "चिन्यांचं बरं, पुरतात. आपण जाळतो. हिच्या अस्थी उल्हास नदीत सोडल्या. बाईला तिथंच सोडली तर पोचेल का?"

मी पुस्तकी माणूस. म्हणालो, "काका, ती चिन्यांची समजूत आहे. आपल्यात तसं नसतं."

"अस्सं," म्हणाले, आणि बाई परत फडताळात ठेवली.

शुक्रवारी काकांच्या अस्थी सोडायला आम्ही नदीवर गेलो. मी फडताळातली ती बाई पिशवीतून नेली होती. त्यांच्या मुलानं विचारलं, "मास्तर, हे काय?" गुडघाभर पाण्यात जाऊन मी तिला सोडलं. ती लगेच बुडाली.

ते बरोबर झालं की नाही, मला कळत नाही. काकांच्या घराला कुलूप आहे. घोडा आणि उंट माझ्याकडे आहेत.