हाताला रस्ता येईना!

केजमधी कुणाची खोडी काढायची आसंल तर माणसं आधी माझा सल्ला घेत्यात, एवढं माझं नाव हाय! तीस वर्सं हाच धंदा करतोय, आजवर एकदाबी सापडलो न्हाई. तसा पोटाचा धंदा म्हंजी गाड्यांच्या कुशनचा. बसस्टँडच्या पल्याडच्या वळणावर माझं दुकान, समोर चाँदभाईचं गॅरेज. म्या डोकं लावायचं, चाँदभाईनं पाना लावायचा, आशी आमची जोडी. म्हणून विमलवैनी तोंडाला पदर लावून दुकानात आल्या तवा मी म्हणलं, "वैनी, काम झालंच समजा!"

काम काय हाय ते आजून त्यांनी सांगितलंच नव्हतं!

काम व्हतं त्यांच्या मालकांचं. मोहनराव, सगळे त्यांना दादा म्हणत्यात. वय बासष्ट, बागायत चांगली, आन जीव सगळा एका गाडीत. हैदराबादच्या कुण्या खानदानी घरातनं आणलेली लाल, दोन शिटांची, विलायती स्पोर्ट गाडी. तिचं वय दादांएवढंच. आत बसलं की बूड जमिनीपासून वीतभर. आन स्टेअरिंग आसं जड, की वळण घ्यायचं म्हंजी रेड्याची मान पिरगाळायची! पर दादांना त्याचंच लई कौतुक.

"अंगद्या, ह्या गाडीत रस्ता डोळ्यानं बघायचाच न्हाई. हाताला येतो!"

खडी आली की तळव्याला मुंग्या, नवं डांबर आलं की साय, आसं त्यांचं गणित. एकदा नेकनूरकडं जाताना मधीच म्हणले, "इथं रस्त्याचा गुत्तेदार बदलला बघ." उतरून बघतो तर खरंच डांबराचा जोड!

तर आशा दादांचा उजवा खांदा आखडला. सदऱ्यात हात घालताना कण्हाया लागले. वैनी म्हणल्या, "भावजी, एक तर त्या स्टेअरिंगला मोटर बसवा, न्हाईतर मी गाडी इकाया लावते. पुण्याचं एक गिऱ्हाईक वर्षभर मागं लागलंय."

"बसवू की मोटर!"

"ह्ये तयार व्हाया नगंत? म्हणत्यात, पावर स्टेअरिंग म्हंजी मेलेल्या माणसाचा हात हातात धरल्यावानी."

"मग त्यांना सांगायचंच कावून?"

वैनींनी पदर काढला आन पहिल्यांदा हसल्या.

दादा लग्नाला तीन दिवस परभणीला गेलते, तेवढ्यात आमी डाव साधला. भंगारातल्या एका बारक्या गाडीची मोटर चाँदभाईनं स्टेअरिंगच्या दांड्यावर बसवली. मी तिला काळ्या रेग्झिनचं आसं झबलं शिवलं, की बघणाऱ्याला वाटावं ही विलायतेतनंच आसली आली!

चाँदभाई मात्र डोकं खाजवाया लागला. "अंगदभाई, सोच लो. चाकाचा धक्का दांड्यातनं हातापर्यंत येतो. तो आता ह्या मोटरीत जिरून जाईल. स्टेअरिंग मक्खन होईल, पर रस्ता हाताला काय बोलनार न्हाई."

"आरं खांदा तर बोलायचा थांबंल! दादा म्हणतील, खांद्याच्या व्यायामाचा गुण आला. आपण गालात हसायचं."

सोमवारी दादा गाडी घेऊन निघाले. आमी दोघं शटरमागं तोंड दाबून उभे. पंधरा मिनटात गाडी परत आली, बैलगाडीच्या चालीनं. दादा उतरले. चेहरा चुना फासल्यावानी पांढरा!

"अंगद्या... माझे हात मेले रं!"

"आं?"

"खडीवरनं गेलो. बूड उडतंय, दात वाजत्यात, पर हाताला कायबी न्हाई! आन स्टेअरिंग एका बोटानं फिरतंय. म्हंजी मला वजनसुदीक कळंना झालंय!"

मी धसकलो. त्यांच्या हाताला करकचून चिमटा काढला.

"आयाया!"

"बघा! कळतंय की!"

"वरची कातडी जिती हाय बे. आतली नस गेली."

मंगळवारपातुर सगळ्या भावकीत बातमी. तलवाड्याहून त्यांची थोरली बहीण मुक्ताबाई दारातनंच गळा काढत आली. जो येईल तो दादांच्या हाताची परीक्षा घेई. कुणी बर्फ ठेवी, कुणी चहाची गरम कपबशी. दादा दर वेळी बोंबलायचे आन वर म्हणायचे, "न्हाई, कळंना!" मधी मधी गाडी काढून खडीवर चक्कर मारायचे, हात जिता झाला का बघायला. तीन दिवसांत आशा वीस चकरा!

त्यांचा पुतण्या हनुमान तालमीतला गडी, मान आन मांडी एकाच मापाची. त्यो दादांना बीडला नसांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मीबी संगं. मन खात व्हतं ना!

डॉक्टर म्हणले, "डोळे मिटा. हे काय?"

"सुई."

"आता?"

"टाचणी. डोकं गोल हाय."

"आता?"

"कापूस. ओला."

"आहो, हात ठणठणीत आहेत तुमचे!"

दादा उखडले. "साहेब, तुमी सुई इचारताय, मी रस्ता म्हणतोय!"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं आन आवाज बारीक करून इचारलं, "असं कधीपासून बोलतात?"

तवाच सांगून टाकणार व्हतो. शप्पथ! पर बाहेर आल्याबरुबर हनुमान मुठी वळून म्हणाला, "अंगदकाका, ही कुणाची तरी करणी हाय. ज्यानं केली त्यो फकस्त घावू द्या मला!"

मी म्हणलं, "चहा घेऊ."

बुधवारी दादांनी सोता पुण्याला फोन लावला. गाडीत बसूनच. एका हातानं स्टेअरिंग कुरवाळत व्हते. "या उद्याच. घेऊन जा. आंधळ्यानं आरसा ठिवून काय करायचं?"

फोन ठेवला आन बासष्ट वर्साचा माणूस स्टेअरिंगवर कपाळ टेकून हमसून रडला! खोडी काढल्यावर माणसानं चिडावं, शिव्या द्याव्या. रडावं न्हाई, हे कायद्यात बसत न्हाई.

वैनी तर हबकल्याच. "आवो, मी गाडी राहावी म्हणून मोटर बसवली! आन ह्ये तिला इकाया निघाले!"

"मग सांगू का त्यांना?"

"सांगा. पर समदं तुमी एकट्यानंच केलं म्हणा."

बेस! आता आपलं डोकं आपणच चालवायचं. चाँदभाई सामान आणायला बीडला गेलता. गुरुवारी सकाळी दादांच्या दारात गाडीत रुपया पडल्याचं नाटक करून मी आत वाकलो आन मोटरीचा फ्यूज उपसला. आता मोटर मुकी, रस्ता बोलका, दादा बरे, गिऱ्हाईक माघारी. कुणाला काय पत्ता न्हाई! फ्यूज मुठीत घेऊन शिट्टी वाजवत दुकानावर आलो.

फकस्त एक गोष्ट ध्यानात आली न्हाई. वीस चकरांत दादांना एका बोटाची सवय लागली व्हती!

पुण्याचं गिऱ्हाईक आलं. डोळ्यावर काळा चष्मा, अंगावर पांढराशुभ्र शर्ट. दादांनी त्याला शेजारी बसवलं आन शेवटची चक्कर मारायला निघाले. हनुमान हळहळत माझ्या दुकानासमोर येऊन उभा. दारापासनं सरळ रस्त्यानं गाडी पहिल्याच वळणावर आली. दादांचं एक बोट स्टेअरिंगवर. गाडी सरळच!

मला पायरीवरनं समदं दिसत व्हतं. एक बोट. मग चार बोटं. मग पंजा. मग दोन्ही हात आन वासलेलं तोंड!

"दादाऽऽ! बिरेक!"

हनुमाननं मला कॉलर धरून बाजूला वढलं, न्हाईतर ही गोष्ट तुमाला दुसऱ्याच कुणी सांगितली आसती. गाडी पायरी चढली, काउंटर लोटत आत घुसली आन फोमच्या थप्पीत जाऊन रुतली. दुकानभर कापूस! गिऱ्हाईकाच्या डोक्यात ट्रॅक्टरचं सीट कव्हर. आन दादा दिसंनात! गेला माणूस! माझ्यापायी गेला!

तेवढ्यात कापसातनं आरोळी आली. "आला! आला रं आला!"

"काय आलं, दादा?"

"रस्ता! हाताला रस्ता आला!"

दादा कापसातनं वर आले, म्हातारा उंदीर पिठातनं निघावा तसे. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "अंगद्या, समदं कळलं! आधी तुझी पायरी. शिमिट कमी टाकलंय तिला. मग लाकूड. मग फोम. आन मधी कायतरी लोखंडाचं कटाकटा... काय व्हतं रं ते?"

"माझं शिलाई मशीन, दादा."

"वा! त्याचा दात न् दात कळला बघ!"

गिऱ्हाईक सीट कव्हर काढून जे चालाया लागलं, ते पहिल्या जीपला हात करूनच थांबलं. वैनी धावत आल्या. "आवो, खांद्याला लागलं का?"

"खांदा गेला खड्ड्यात! हात आले माझे! गाडी आता मेलो तरी इकत न्हाई!"

मग माझ्याकडं वळले. "डॉक्टरला जमलं न्हाई ते तुझ्या दुकानानं केलं, अंगद्या. दे हात!"

त्यांनी उजवा हात पुढं केला. माझ्या उजव्या मुठीत आजून त्यो फ्यूज. शेजारी हनुमान. मी डावा हात पुढं केला.

"डावा कावून? उजवा दे की!"

मी उजवी मूठ खिशात घातली आन खाली बघून म्हणलं, "दादा... माझा उजवा सकाळपासनं बधिर झालाय."