गजाभाऊ रोज आऊट होतात

नाली दिसली की आमचे शेजारी गजाभाऊ ती ओलांडत नाहीत, उडी मारतात. आणि उडी मारताना तोंडाने "टुइंग!" असा आवाज काढतात. पंचेचाळिशीचा मिशीवाला माणूस, हातात वांग्यांची पिशवी, आणि टुइंग! जठारपेठेतली आमची अख्खी गल्ली बघते, पण यांना त्याचं काही नाही. बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत, तिथेही गिऱ्हाइकाने पैसे दिले की "टिडिंग!" करतात. शेतकरी बिचारा दचकून खिसा चाचपतो.

हे सगळं त्या व्हिडिओ गेममुळे. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला, आमच्या लहानपणचा. सगळ्यांनी तो कधीच भंगारात दिला. गजाभाऊंनी जपला, आणि पोट सुटलेला जुना टीव्हीही जपला. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायची, ही त्या काळची विद्या. ती ते आजही सगळ्याला लावतात. रिमोट चालेना, फुंक. स्कूटी सुरू होईना, फुंक. माझा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यातही फुंकले, आणि मसाला माझ्या डोळ्यांत गेला.

आताच्या गेममधल्या संगीताचा विषय त्यांच्यासमोर काढूच नका. "त्याले गानं म्हनता तुमी? निसतं ढामढूम! खेळून झाल्यावर एक ओळ गुनगुनून दाखवा मले!" त्यांचाच जुना गेम नवं संगीत घालून फोनवर आला, तेव्हा तर कित्येक दिवस धुसफुसत होते. "चांगल्या गान्याचं वाटोळं केलं लेकाच्यांनी. काहून केलं? कोनी सांगतलं होतं?"

हेही मी सोसलं असतं. पण संध्याकाळी मी हार ओवायला बसले की भिंतीपलीकडे नेमकं ते सुरू! माझा फुलांचा धंदा. लग्नसराईत हात थांबवता येत नाही, आणि डोक्यात टिडिटिडि, टिडिटिडि! मग शेवटी ती मरायची धून. टिडुडी, टुंग, टुंग, टूंऽऽ. अरे बाप्पा! माणूस रोज खेळतो आणि रोज हरतो. आणि हरला रे हरला की आतून त्यांच्या आईची, कमलामावशींची हाक, "झाला का आऊट? ये बाबू, जेवाले ये!" माझं डोकंच फिरायचं. एवढा घोडा झाला, तरी आईने हाक मारल्याशिवाय जेवत नाही म्हणजे काय!

एकदा तरातरा गेलेच. "गजाभाऊ, आवाज कमी करा, नाई तर तो डबा मी नालीत टाकीन!"

हा माणूस एरवी इतका गरीब, की मी म्हटलं तर घराचा रंगही बदलेल. पण म्हणाले, "वहिनी, बाकी काही सांगा. आवाज कमी नाई होत." आणि माझ्यासमोरच खेळत राहिले. एकेक खड्डा सफाईने ओलांडला, आणि मग उलटे फिरून आपल्या पायाने खड्ड्यात जाऊन पडले. टिडुडी, टुंग, टुंग. हा माणूस कामातून गेला, असं म्हणत मी घरी आले.

मग उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि त्यांचा टीव्ही जळला. आतला कुठलासा भाग अमरावतीहून यायचा होता. पहिल्या संध्याकाळी मी सुखाने हार ओवले. दुसऱ्या संध्याकाळी भिंतीपलीकडून गजाभाऊंचा रडवेला आवाज आला, "माय, एक घास खाय ना वं."

मी धावत गेले. मावशी स्वयंपाकघरात ताट झाकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोट्टा खेळून राहिला बाई. आऊट झाला की येईन. तो जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

"माय, मीच हाये तो," समोर बसलेले गजाभाऊ म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला. "तुमी बसा ना भाऊ. येईनच तो."

मावशी विसरतात एवढं ठाऊक होतं, इतकं नव्हतं. गजाभाऊ मला बाहेरच्या खोलीत घेऊन आले. "ते वाजलं की मी दारातून जातो, तवा मी तिचा पोट्टा असतो. फोनवर लावून पाह्यलं, तर म्हने हा कोनाचा बेंडबाजा. तोंडानं काहाडाले जातो तर गळाच भरून येते, वहिनी."

मला इतका संताप आला! त्या टीव्हीचा, त्या विजेचा, ते नवं संगीत घालणाऱ्यांचा, आणि एका भिंतीपलीकडे एवढं सगळं होत असताना मला एका शब्दाने न सांगणाऱ्या या माणसाचा. मी पदर खोचला, दाराच्या पडद्यामागे उभी राहिले आणि खणखणीत सुरू केलं. टिडिटिडि, टिडिटिडि! रोज शिव्या घालत ऐकलेलं, एक सूर चुकला नाही. आणि मग जीव लावून मेले. टिडुडी, टुंग, टुंग, टूंऽऽ.

"झाला का आऊट? ये बाबू, जेवाले ये!"

गजाभाऊ डोळे पुसून आत गेले. मीही मागोमाग गेले. मावशींनी त्यांना भाकर वाढली, स्वतः घास घेतला आणि माझ्याकडे तक्रार केली, "तुमी तरी रागवा बाई याले. मायले उपाशी ठेवून खेळत बसते."

मी रागावले. चांगली पोटभर रागावले. पुन्हा उशीर केलास तर कान उपटीन म्हणाले.

मिशीवाले गजाभाऊ ताटात मान घालून बसले होते. म्हणाले, "नाई करत, काकू."