पांढरीपांडेचा शिक्का

पांढरीपांडेला जेवायला बोलावलं की आमच्या वेस्ट विंडसर या अमेरिकन गावातल्या बायका आधी कणीक लपवत. उघड्यावर कणीक दिसली, की हा गृहस्थ खिशातून बोटाच्या पेराएवढी दगडी कांडी काढून तिच्यावर फिरवायचा. कांडीवर कोरीव काम होतं. फिरवली की कणकेवर दोन बकऱ्या, एक झाड आणि एक दाढीवाला राजा उमटे. इराकमधल्या प्राचीन लोकांचा हा म्हणे शिक्का. धान्याच्या रांजणाचं तोंड ओल्या मातीनं लिंपून तिच्यावर तो फिरवत, म्हणजे कुणी हात घातला तर लगेच कळे.

"चार हजार वर्षं, यार!" हे त्याचं पालुपद.

इतकी जुनी वस्तू इंटरनेटवरच्या लिलावात, वर फुकट शिपिंगसह, एका नागपुरी प्रोग्रॅमरला कशी काय मिळते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. ऑफिसात दोन ओळींचा कोड दहादा टेस्ट करणारा माणूस! वीकेंडला अक्कल सुट्टीवर जात असावी.

गणपतीत तर कहर झाला. बायकोनं काजूकतली थाळीत थापून ठेवली होती.

"डॅडी, अंकल डिड इट अगेन!" मुलगी ओरडली. जाऊन बघतो तर थाळीभर बकऱ्या.

"अहो भाऊजी, नैवेद्य दाखवायचा होता अजून!"

"वहिनी, तुमच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींपेक्षा सीनियर आहे हा."

बायको दुसरी काजूकतली करायला लागली. मी मात्र त्याला सुनावलं, "अरे, खरा निघाला तर चोरीचा असणार आणि खोटा निघाला तर तू मूर्ख. दोन्हीकडून हसंच!"

त्याचा चेहरा पडला. "एक्स्पर्टला दाखवू. खरा आहे एवढं कुणीतरी सांगायलाच पाहिजे मला. तू ड्राइव्ह करशील?"

युनिव्हर्सिटीत प्राचीन वस्तूंचा अभ्यास केलेल्या एका रिटायर्ड प्रोफेसर बाईंनी शनिवारी सकाळी वेळ दिली. मी गेलो तो त्याची फजिती बघायलाच, खोटं कशाला बोलू? बाईंनी कांडीच्या भोकातून उजेडाकडे पाहिलं. जुने कारागीर दोन्ही टोकांकडून भोक पाडत, ते मध्ये जरा चुकायचंच. हे सरळसोट होतं, मशीननं पाडलेलं. "नाइस सूव्हनिर," म्हणत त्यांनी शिक्का परत दिला.

पार्किंग लॉटमध्ये मी तोंड सोडणार, तेवढ्यात त्यानं कॉलिंग कार्ड काढून नागपूरला वडिलांना फोन लावला.

"बाबा, दाखवला बाईंना..." पुढे त्याच्यानं बोलवेना. फोनवर हात ठेवून तो मला म्हणाला, "शाळेत इतिहास शिकवायचे. तीस वर्षं पुस्तकातल्या चित्रावरून हेच शिकवलं. आता दिसत नाही त्यांना. डिसेंबरात जाऊन हातात देणार होतो. तू सांग ना, यार. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही."

आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"काका, खरा आहे," मी म्हणालो.

पलीकडून प्रश्न आला, "हाताला कसा लागतो हो?"

इतक्या महिन्यांत मी तो कधी हातात घेतला नव्हता. पांढरीपांडेच्या मुठीतून तो काढून घेतला. मी डोळे मिटले.

"गार लागतो, काका. आणि न बघताही सगळं चित्र कळतं."