चिमाकाकूंचा हरवलेला महिना

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न असो, कोणाची चूल विझों न देवो. शके सतराशें आणि कांहीं. पुढील आंकडे उंदरांनीं खाल्ले, तेथें लेखकाचा इलाज नाहीं.

एका राज्यांत कायदा ऐसा कीं, चाकरास विनाकारण काढिल्यास त्यानें न्यायाधीशांकडे फिर्याद करावी, मात्र चाकरीचे चोवीस महिने भरलेले असावे. एक उणा तरी दाद नाहीं. आणि दिवाण अंताजीपंत मोठे बेरकी, त्यांनीं रीत पाडिली कीं तेविसावा महिना सरला कीं खोट काढून चाकर घालवावा आणि नवा ठेवावा. ऐसे माळी गेले, घोड्यांचे मोतद्दार गेले, आणि मग मुदपाकखान्यांतील स्वयंपाकीण चिमाकाकूंची पाळी आली. माघ सरतांच दिवाणजी वदले, "काकू, आमटींत खडा लागला. उद्यां येऊं नका."

काकूंस मागेंपुढें कोणी नाहीं, चाकरी गेली तर अन्नास मोताद. परंतु जीभ तिखट. त्या तडक न्यायसभेंत गेल्या. न्यायाधीश नीळकंठशास्त्री हे दिवाणजींचेच जांवई. दिवाणजी मिशींत हसून बोलिले, "गेल्या सालचा चैत्र ते यंदाचा माघ, महिने तेवीस. फिर्याद चालत नाहीं." शास्त्रीबोवा हळहळले, परंतु कायद्यापुढें काय करितील! तेव्हां काकू कडाडल्या, "माझ्या हातच्या आमटींत खडा? आणि जांवईबापू, गेल्या सालीं माझ्याच हातचे तबकभर अनारसे चाटूनपुसून खाल्लेत, तेव्हां नाहीं तो लागला?"

सभा खो खो हसली, आणि शास्त्रीबोवा लाजले, आणि मग एकाएकीं ताठ बसून पुसते झाले, "मामंजी, तें अधिक महिन्याचें वाण ना? तो महिना मोजिलात कोठें?"

दिवाणजी गडबडले. "अधिक महिना धरीत नाहींत. त्यांत शुभकार्य होत नाहीं."

"शुभकार्य नसेल, पण आपण जेवत होतां कीं महिनाभर उपाशी होतां?"

मग महिने चोवीस भरले, आणि फिर्याद चालली, आणि खडा दाखवा म्हणतां दिवाणजींस दाखवितां येईना, आणि काकू सन्मानें चुलीपुढें परत बैसल्या. घरीं दिवाणजी जांवयाच्या नांवें बोटें मोडूं लागले, तों पत्नी म्हणाल्या, "स्थळ तुम्हींच आणलें होतें हो!"

एवंच, काकूंची चाकरी कायम जाहली. हल्लीं दिवाणजींच्या आमटींत खरोखरच खडा निघतो, आणि ते मुकाट्यानें गिळितात.