जमादारांच्या शेजारची घोंगडी

कुणाच्याही हाताला बेडी घालण्याआधी रामजी जमादार शेजारच्या रिकाम्या घोंगडीकडं वळून विचारायचे, "काय म्हंता?" मग मान तिरकी करून ऐकायचे. त्यानंतर एकतर "घाला आत", नाहीतर "जाऊ द्या".

पालीच्या चौकीवर, संस्थानच्या नोकरीत मी नवा कारकून होतो. कायद्याचं पुस्तक तोंडपाठ, अक्कल बेताची. जमादार कुणाला सोडतात आणि कुणाला धरतात याचा नियम मी शोधू लागलो. गुन्हा केवढा? माणूस कुणाच्या ओळखीतला? भोरहून साहेब कधी यायचे? काहीच जुळेना. पाटलाचा मेहुणा आत आणि मोळीवाली म्हातारी घरी!

श्रावणात धुकं भरदुपारीसुद्धा चौकीत शिरायचं. अशाच एका दुपारी जमादार जेवायला गेलेले पाहून मी टापटिपीच्या हौसेनं ती घोंगडी उचलली. बाकी सगळं दमट, पण तिच्या मधोमध माणूस नुकताच उठावा तशी ऊब. 'ऊन लागलं असेल,' मी स्वतःला समजावलं. आठ दिवसांत ऊन पडलं नव्हतं. घाईघाईनं ती झटकून मागच्या पडवीत टाकली.

तेवढ्यात जमादार परतले, आणि पाठोपाठ रानाच्या शिपायानं धोंडू धनगराला दोरीनं हात बांधून आणलं. राखीव रानातले टहाळे तोडताना धरला होता.

"खोप गळतीया, सरकार," धोंडू रडकुंडीला आला. "बायकू तापानं फणफणलीया. वर डोंगरात येकलीच हाय."

जमादार सवयीनं वळले. शेजारी नुसती जमीन. त्यांचा चेहरा उतरला.

"त्यास्नी कुनी उठिवलं?"

"मी... म्हणजे, धूळ फार झाली होती."

"लई हुशार, भाऊसाब. आता म्या कुनाला इचारू?" ते मटकन बसले. "आसाच एक बयाजी व्हता. आसंच टहाळं, आशीच आजारी बायकू. म्या कायद्यानं दोन दिस आत ठिवला. सुटून वर गेला तं ती गार पडल्याली. खाली आला, ही घोंगडी माज्याम्होरं टाकली आन् धुक्यात गेला. पुन्ना कुनाला दिसला न्हाई."

मी धावत जाऊन घोंगडी आणली आणि जागच्या जागी पसरली.

"तुमीच इचारा," जमादार भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "माज्याशी आज बोलायचं न्हाईत."

अख्खं पुस्तक तोंडपाठ असलेला मी घोंगडीसमोर उकिडवा बसलो. "काय म्हणता?"

धुकं आत आलं. ऐकू काहीच आलं नाही. घोंगडीच्या मधोमध मात्र हळूहळू खळगा पडत होता.

"जाऊ द्या म्हणतायत," मी धडधडीत खोटं बोललो.

जमादारांनी स्वतः धोंडूच्या हातांची दोरी सोडली. टहाळ्यांचा भारा त्याच्या डोक्यावर दिला आणि तो धुक्यात दिसेनासा होईपर्यंत दारात उभे राहिले.

"खरं सांगू, भाऊसाब?" मागं न वळता ते म्हणाले, "इतकी वर्सं झाली, मला बी कंदी काय ऐकू आलं न्हाई."