रूपजी झोपला होता का?

रूपजी जमिनीवरची कुठलीही रेघ विचारल्याशिवाय ओलांडत नाही. रेघ खडूची असो, रंगाची असो, नाहीतर कोण्या कार्ट्यानं काठीनं मातीत ओढलेली असो. हा अलीकडे थांबतो, दोन्ही चपला एका ओळीत करतो आणि जवळ जो कोणी उभा असेल त्याला विचारतो, "पल्याड कोणाचं हाय?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी भडकलेच. आमच्या चिखल्याच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल. पोरं तिथे बॅडमिंटन खेळतात म्हणून फरशीवर पिवळे पट्टे मारलेत. हा दारात अडून उभा, मागे मी, छत्री उलटी झालेली, पाठीवर पावसाची धार. आणि हा शांतपणे विचारतोय, पल्याड कोणाचं हाय.

"तुझ्या सासऱ्याचं!" मी म्हटलं. "हो पुढे!"

"सासरा गेला माझा," तो म्हणाला. मग भिंतीला धरून, पट्टा चुकवत चुकवत, अख्ख्या हॉलला वळसा घालून कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, कुठून कुठून येतात बाई एकेक!

तो वर्ग होता होडी सांभाळून चालवायचा आणि समुद्राचा नकाशा वाचायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं रिकामी, म्हणून दर रविवारी. फुकट, वर चहा. शिकवायला पागधरे सर. त्यांचा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला. प्रत्येक तासाला त्यांचं एकच पालुपद, "आधी तरंगा, मग शहाणपण करा." मी नाव घातलं ते रागानं. आमच्या ह्यांचे गुडघे गेले, होडी गड्यांच्या हातात गेली, आणि गडी मलाच ऐकवायला लागले, "काकी, तुम्हाला दर्यातलं काय कळतंय?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, थांबा मेल्यांनो, नकाशा शिकूनच येते.

वर्गात बाई मी एकटी आणि डोंगरातला माणूस रूपजी एकटा. तलासरीच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या पाड्यावरचा. भात आणि नाचणी पिकवणारा. त्याच्या पाड्यावरून दर्या दिसत नाही, वासही येत नाही. दोन गाड्या बदलून हा माणूस होडी शिकायला येतो कशाला, हे कोणाला कळेना.

त्याच्या एकेक तऱ्हा! सरांनी हजेरी घ्यायला वही उघडली की हा पटकन शेजाऱ्याचा दंड धरून त्याच्याबरोबर जोडीनं खाली बसायचा आणि ओरडायचा, "हाजिर!" शेजारी खुर्चीवर असला तर त्यालाही खाली ओढायचा. चहाबरोबर बिस्किटं मिळाली की एक खायचा, एक कमरेला खोचायचा. "संध्याकाळी नाय दिली तर?" असं म्हणायचा. तरंगायचं जाकीट सरांनी एकदा अंगात घालून दाखवायला सांगितलं, ते ह्यानं वर्ग सुटेपर्यंत काढलं नाही. पोरं हसायची. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

त्याची बहीण हद्दीपलीकडे गुजरातेत दिलेली. घरं एकमेकांना दिसतात. मधे ओढा आणि हद्दीचा दगड. हा दगडाशी जाऊन हाका मारतो, बहीण पदराखाली भाकर-कालवण घेऊन येते आणि दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसून जेवतात. भाच्याचं लग्न त्यानं दगडापाशी उभं राहून बघितलं. हे त्यानं स्वतःच सांगितलं, मजेत.

"अरे, पण तिकडे गेलास तर कोण खातंय तुला?" मी विचारलं.

"पयलं पण आसंच वाटलं होतं, बाय," तो म्हणाला.

मग नकाशाचा दिवस आला. सरांनी टेबलावर गुजरात-कच्छकडचा मोठा नकाशा पसरला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "ही आपली आणि पाकिस्तानची हद्द. पाण्यावर काही दिसत नाही. ना खांब, ना तार. म्हणून नकाशा शिकायचा."

रूपजी उठला. पहिल्यांदाच, फरशीवरच्या पट्ट्यांवरून सरळ चालत टेबलाशी आला. कोणाला काही विचारलं नाही. नकाशावर वाकला आणि म्हणाला, "ही ती?"

"ही ती."

"एवढी बारीक?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. त्याचा चेहराच तसा झाला होता.

मग त्यानं सांगितलं. तुटक तुटक, नकाशावरची नजर न काढता. पावसाळा सरला की त्यांच्या डोंगरातली माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ह्याला घेऊन गेला जानू, शेजारचाच, लहानपणचा सोबती. जानू तांडेल होता. बोट, जाळं, माणसं, सगळं त्याच्या हुकमात. डोंगरातला माणूस तांडेल झाला हे पाड्यात आधी कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी कच्छच्या एका बंदरातून सकाळी पाणी भरून ते निघाले. आदली रात्र सगळ्यांची जाळं ओढण्यात गेलेली. बोटीवरचं जागा दाखवणारं मशीन बंद पडलेलं. जानूनं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, होकायंत्राच्या काचेवर ठिपका दिला आणि रूपजीच्या हातात सुकाणू देऊन म्हणाला, "खालची अक्षरं ह्या ठिपक्याखालून हलू देऊ नको. मी जरा पडतो." सगळे झोपले. उन्हं कलली तेव्हा पाकिस्तानची बोट आडवी आली.

"जानू उठला आन पयलं मना बोलला, 'रूप्या, झोपलास तू!'" रूपजी सांगत होता. "सगळ्यांनी तेच धरलं. तुरुंगात पण तेच. मीच नेलं सगळ्यांना पल्याड."

वर्षांमागून वर्षं ते तिकडच्या तुरुंगात अडकले, जोडीनं खाली बसून हजेरी द्यायची आणि मोजून मिळालेलं खायचं. जानूला तिथेच कावीळ झाली आणि तो गेला. शवपेटी घरी पोचायलाही फार दिवस लागले.

"तू झोपला होतास का?" पागधरे सरांनी विचारलं.

"तेच तर!" रूपजी पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "मना आठवत नाय. डोळं जड होतं. मी जागा होतो आसं वाटतं, पण झोपल्याला कुठं कळतं तो झोपलाय? त्यासाठी आलो, सर. नकाशात सगळं कळतं म्हणं. बघून सांगा. जानूला मी मारला का?"

 ज्या पोरांनी त्याला रेघवाला म्हणून चिडवलं होतं ती खाली बघत बसली. मी बाई तोंडाची कशी आहे ते सगळ्या चिखल्याला माहीत आहे, पण मी उगाच छत्रीच्या काड्या सरळ करत बसले.

सरांनी चष्मा पुसला. "अक्षरं कोणती होती ठिपक्याखाली?"

रूपजीला लिहिता-वाचता येत नाही. त्यानं बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि टेबलावर दोन आकार काढले. तुरुंगात ते दोन आकार त्यानं इतक्यांदा मनात काढले होते की बोट अडखळलं नाही. एक एन, एक डब्ल्यू.

"म्हणजे वायव्य," सर म्हणाले. "आणि पकडलं तिथे पाणी किती होतं, काही अंदाज?"

"नांगर मीच सोडला. नऊ वाव दोर गेला." एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं. "नांगराला काळा गाळ."

सरांनी बंदरापासून वायव्येला पट्टी लावली आणि शिसपेन्सिलीनं रेघ ओढली. बोटीची चाल विचारली, सूर्य कुठे होता, भरती होती की ओहोटी ते विचारलं, रेघेवर एक खूण केली. मला जवळ बोलावलं. "वाचा काकी, इथली खोली." मी चष्मा चढवून वाचली. तळाशी गाळ आणि पाणी त्याच्या दोरापुरतंच. मग सरांनी पेन्सिल बाजूच्या खाडीकडे नेली. तेव्हा भरती होती, ती आतल्या अंगाला ओढणारी. सुकाणू सुटलं असतं तर बोट वळून त्या उथळात गेली असती. तिथे चार वावसुद्धा पाणी नाही.

"रूपजी," सर म्हणाले, "तू झोपला नव्हतास. तू ती दिशा इतकी नीट धरलीस की आमच्या जहाजावरच्या माणसानंही धरली नसती."

मी टाळीच वाजवली! "सुटलास रे भाऊ! झोपला असतास तर उलट अलीकडे राहिला असतास!"

रूपजीनं वर बघितलं नाही. त्याचं बोट सरांच्या रेघेवरून हळूहळू गेलं, बंदरापासून निघून थेट हद्दीवर. ती दिशाच तिकडे जाणारी होती. हद्दीलगत मासा जास्त मिळतो हे लहान पोरालाही माहीत आहे. जवळ जायचं, वेळेवर उठायचं आणि बोट वळवायची, असा जानूचा बेत असणार. आणि जानू उठला नाही.

मला हे कळायला वेळ लागला. रूपजीला लगेच कळलं.

"तो दोन रात्री जागलेला होता," तो म्हणाला. जानूची बाजू घेत होता, आणि कोणी अजून काही बोललंही नव्हतं. मग त्यानं टेबलावरचा खोडरबर उचलला आणि ती पेन्सिलची रेघ पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. सरांनी त्याचा हात धरला तेव्हा थांबला.

बाहेर गाडीची वाट बघताना मी त्याला धरलाच. "अरे, इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यास! जाऊन सांग सगळ्यांना. जानूनं मरताना तरी सांगितलं का नाही?"

"मरताना माझ्याच मांडीवर होता. पाणी मागलं."

"मग आता तू सांग त्याच्या बायकोला!"

"सोनीकडं काय हाय, बाय?" तो म्हणाला. "नवरा तांडेल होता, एवढंच हाय. पोरीच्या लग्नात पण तेच सांगितलं, तांडेलाची पोर हाय. आता मी जाऊन सांगू, तुझा तांडेल झोपला म्हणून?"

"आणि तुला काय मिळालं ह्यातून?"

"मना कळलं ना. बास."

बास कसलं! मला आठवडाभर अन्न गोड लागेना. आपण बाजारात एका बोंबलाच्या वजनावरून भांडणाऱ्या, आणि हा माणूस न केलेला गुन्हा कमरेला बांधून हिंडतोय! शेवटी सुक्या बोंबलाची पिशवी घेतली आणि मी स्वतःच गेले त्याच्या पाड्यावर. सोनीला तोंडावर सांगायचं ठरवून गेले. त्याची ना असली तर असो.

आवणी चालली होती. सोनीच्या खाचरात रूपजी गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होता. त्याचं स्वतःचं शेत शेजारी, तिथे अजून हात लागला नव्हता. सोनी बांधावर बसलेली, वाळलेली, पांढऱ्या केसांची. मी कुठली, कोण, ते सांगितलं. तिनं मला बसायला पोतं दिलं.

"दर साली आधी माझं लावतो, मग त्याचं," ती म्हणाली. "लावंल नायतर काय! माझा माणूस खाल्ला ह्यानं. झोप काढली." रूपजीला ऐकू जात होतं. तो रोपं लावत राहिला. "माझा माणूस कधी झोपायचा नाय बोटीवर. लोक सांगतात, डोळ्याला डोळा लागायचा नाय त्याचा. तांडेल होता ना." हे बोलताना ती ताठ बसली होती.

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते.

"तुमी पण त्या नकाशाच्या शाळेत असता ना?" सोनीनं विचारलं. "तिथं सगळं कळतं बोलतात. मग सांगा बाय, देवाशपथ सांगा. हा झोपला होता ना?"

रूपजी वाकलेलाच राहिला, पण त्याचे हात थांबले. चिखलात हातात रोपांची मूठ तशीच. पाठीवर पाऊस पडत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हो," मी म्हटलं. "झोपला होता."

आयुष्यात कोणाबद्दल इतकं खोटं मी बोलले नव्हते. सोनीनं लांब श्वास सोडला. "बग रे," ती त्याला ओरडली, "नकाशात पण निघालं!"

"मी कधी 'नाय' बोललो?" रूपजी म्हणाला, आणि हातातली मूठ सोडवून पुढची रोपं खोचायला लागला.

सोनीनं टोपलीतलं फडकं बाजूला केलं, भाकरी काढल्या. सगळ्यात मोठी भाकर बाजूला ठेवली, तिच्यावर माझ्या पिशवीतले दोन बोंबील ठेवले आणि हाक मारली, "ए झोपाळ्या, चल, जेवून घे."

आणि तो हात धुऊन आला.